आठ खेपांचा करार

८ सप्टेंबर. सकाळ.
घरमालकीण आर्डिथबाईंशी करार पक्का. अंगणातला ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, हिवाळाभर माझा, फुकट. बदल्यात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत सरकारी जंगलातून पिकअपच्या आठ खेपा लाकूड आणायचं. चार त्यांच्या शेगडीला, चार माझ्या. नाही जमलं तर ट्रेलर रिकामा. आठ खेपा म्हणजे चार दिवस. बाईंना सौदा कळत नाही, बिचाऱ्या.

९ सप्टेंबर.
सहाचा अलार्म. उठलो साडेनवाला. वाटेत हकलबेरी दिसल्या, जांभळी रानफळं. बादलीभर तोडल्या. लाकूड कुठे पळून जातंय?

२१ सप्टेंबर.
परमिट काढलं. मेलेलं उभं झाड चालतं, जिवंताला हात लावायचा नाही. प्रत्येक खेपेला एक टॅग, त्यावरच्या तारखेला भोक पाडून गाडीमागे लटकवायचा. सगळं समजलं. चेनसॉची करवत जमिनीला टेकली, चेन बोथट. शेजारचे ऑरिनकाका म्हणाले, "काय रे ट्रेंट, दगड कापायला गेला होतास की काय?" म्हाताऱ्यांना विनोदाची फार हौस.
खेपा: अर्धी.

४ ऑक्टोबर.
मोठी कल्पना! नुसतं घरापुरतं कशाला? धंदाच काढतो. 'ट्रेंट फायरवुड – कोरडं, खात्रीचं.' पाचशे कार्डं छापायला टाकली. पत्ता ट्रेलरचाच.

१९ ऑक्टोबर.
कार्डं आली. देखणी आहेत. डोंगर नुसता सोन्यासारखा पिवळा झालाय. ऑरिनकाका कुंपणावरून तासभर बोलले. जळणाला टॅमरॅकच्या झाडासारखं लाकूड नाही म्हणे, पण साल सुटलेलंच बघ, आणि आणखी काहीतरी. मी मनात जाहिरात रचत होतो.
निश्चय: सोमवारपासून रोज दोन खेपा.

११ नोव्हेंबर.
तीन सोमवार गेले. एक गुडघा, एक मासे, एक पाऊस.
पण उशीर झाला तेच बरं झालं! आज वर गेलो तर अख्खा उतार मेलेला. शेकडो टॅमरॅक, फांदीवर सुईसारखं एक पान नाही. एवढं वाळलेलं लाकूड सोडून लोक मैलोन् मैल हिंडतात. डोळे असावे लागतात, नुसता अनुभव नाही. सर्वांत मोठं पाडलं. वजनदार. वजन म्हणजे दर्जा. कापताना पाणी उडालं, दव असणार. टॅगला तारखेचं भोक पाडून नीट लावला. वजनाने पिकअप मागून खाली बसली.

१२ नोव्हेंबर.
आर्डिथबाई ओंडक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग एकदम थांबल्या.
"अरे गाढवा, टॅमरॅकच्या सुया दर शरदात पिवळ्या होऊन गळतात. ते झाड मेलेलं नव्हतं, झोपलं होतं. दीडशे वर्षांचं होतं. शाळेतल्या पोराला माहीत असतं हे."
मी म्हणालो, "मग त्या उतारावर पाटी का लावत नाहीत?"
त्या म्हणाल्या, "फॉरेस्ट ऑफिसला फोन तू करतोस की मी?"
मीच केला. मोठ्या मनाने.

१३ नोव्हेंबर.
फॉरेस्टची बाई आली. उतारावरचा बुंधा मोजून आली, लाकूड सगळं घेऊन गेली. उरलेले टॅग फाडले. या मोसमात जंगलात पाऊल नको म्हणाली. टॅगचं मात्र कौतुक केलं. एवढा नीट लावलेला टॅग क्वचित दिसतो म्हणे, तारीख-वार सगळं तयार, केस लिहायला सोपं गेलं.

२० नोव्हेंबर.
बर्फ. ऑरिनकाकांनी बाईंच्या शेडमध्ये चार खेपा टाकल्या. दोन वर्षं सुकवलेलं टॅमरॅक. मी दोन चांगले ओंडके उचलून बघत होतो, तर बाई दारातूनच म्हणाल्या, "ते माझे. माझी सोय झाली, तुझी तू बघ. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला जेवायला ये, टर्की आहे. शुक्रवारी किल्ली दे."

थँक्सगिव्हिंगची रात्र.
जेवण छान. काकांनी तिसऱ्यांदा टर्की वाढताना विचारलं, "ही पण झोपली असेल का रे?" सगळे हसले. मीही.
ट्रेलरमध्ये बोटं वळत नाहीत. शेगडीत हकलबेरीची बादली जाळली. प्लास्टिकची होती, चूक झाली. मग कार्डं. पहिली शंभर भुरकन गेली. म्हटलं होतं ना, कोरडं, खात्रीचं.
पाचशे कार्डं, अकरा मिनिटं. प्रत्येकाचा पत्त्याचा कोपरा तेवढा शेवटी जळतो.