पोटावरची रेघ

माय, तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू नाहीस, त्यामुळे हे लिहिण्याला दोन्ही बाजूंनी काही अर्थ नाही. तरी लिहिते आहे. गेल्या आठवड्यात कामावर एक गोष्ट घडली आणि ती सांगावी असं दुसरं कोणी मला सुचलं नाही. मी आता बीडजवळच्या एका फाउंड्रीत काम करते. धातू वितळवून साच्यात ओततात, तो कारखाना. पंपाचे भाग, देवळाच्या घंटा आणि चौकाचौकातले पुतळे आमच्याकडे होतात. मी धातूशास्त्राचा डिप्लोमा केला. ओतून आलेल्या मालात दोष कुठे आहे ते शोधायचं, हे माझं काम. भेग, पोकळी, साच्याच्या दोन तुकड्यांमधल्या जोडाची राहून गेलेली रेघ. मी खूण केली की तिथे घासतात, मी सही केली की माल बाहेर जातो. लोक म्हणतात मी फार कमी बोलते. या कामाला बोलावं लागत नाही.

पावसाळ्याच्या आधी एक माणूस जीपमध्ये प्लास्टरचा पुतळा घालून आला. केजच्या चित्रकलेच्या सरांचा मुलगा. सर वारले, शेड रिकामी करताना कोपऱ्यात हा पुतळा सापडला, आता वडिलांची आठवण म्हणून ब्राँझमध्ये एकच प्रत करून हवी होती. गोधडी काढली. बसलेली बाई, अंगावर काही नाही, एक पाय दुमडलेला, उजवा तळवा जमिनीला टेकलेला. चेहरा तुझ्यासारखा नव्हता, सरांनी तो मुद्दामच कुणाचाही केला असावा. पण डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. उसाच्या मोळ्या डाव्या खांद्यावरून वाहून तुझा जसा झाला होता, तसाच. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी थोडा वेळ थांबले. आलं नाही. मग मी आतून पोकळ ब्राँझच्या भिंतीची जाडी किती ठेवायची ते ठरवलं.

तो दुष्काळ मला नीट आठवतो, कारण त्या वर्षी दादा, माझा बाप, लांबच्या ऊसतोडीला एकटा गेला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तो त्या वर्षी अर्धा कोयता म्हणून मुकादमाच्या ट्रकमध्ये चढला. तुझी पिशवी काढून वर्षही झालं नव्हतं आणि तुला मोळी उचलवत नव्हती. आपल्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात, जशी काही खुंटीला अडकवलेली असते. तोडीवर पाळीचं दुखणं परवडत नाही म्हणून टोळीतल्या बऱ्याच बायकांनी ती काढून घेतलेली. तू तेव्हा आत्ताच्या माझ्यापेक्षा लहान होतीस. हे मला परवा प्लास्टरसमोर उभी असताना लक्षात आलं.

आपण केजला मावशीच्या खोलीत राहायला आलो आणि तुला एसटी स्टँडमागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये माती मळायचं काम मिळालं. सर शाळा सुटल्यावर तिथे पुतळे करायचे. सगळे सहकारातले. कारखान्याचे संस्थापक, बँकेचे चेअरमन, दूध संघाचे कोणी. टोपी, चष्मा, धोतर. त्या वर्षीही साखर कारखान्याच्या थोरल्या साहेबांचा पुतळा व्हायचा होता, त्याची माती येऊन पडली होती. पण आपल्या भागात ऊसच नव्हता, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही आणि संचालक मंडळाने निरोप धाडला, पुतळ्याचं पुढच्या साली बघू. माती मात्र मळून तयार होती. एक दिवस तू घरी आलीस आणि म्हणालीस, "उद्यापून बसायचं काम हाय."

"बसून काय करायचं?"

"काय न्हाई. नुस्तं बसायचं. तू बी चल, तू उंबऱ्यात बस."

ती तुझी अट होती, हे मला नंतर कळलं. दार लावायचं नाही, दाराला पोत्याचा पडदा टाकायचा आणि माझी पोरगी आतल्या बाजूला पाठ करून उंबऱ्यात बसेल. मी तिथे पाढे लिहायचे. येणारी-जाणारी बाई विचारायची, "काय गं, माय काय करती आत?" मी म्हणायचे, "बसलीय." "आमाला बी सांग बाई आसलं काम," असं म्हणून त्या हसत जायच्या. मला त्यात काही खोटं वाटत नव्हतं. तू आत खरंच बसलेली असायचीस. पडद्याआडून सरांचा खोकला ऐकू यायचा आणि मधूनमधून, "बाई, दमला असाल तर उठा." तुला कोणी अहो-जाहो करतं हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. आपल्या गावात हे कळलं असतं तर तुझं काय झालं असतं, दादाने काय केलं असतं, ते मला तेव्हा समजत नव्हतं. तुला समजत होतं. म्हणून तर मी उंबऱ्यात होते.

एका दुपारी आत सरांचं हत्यार थांबलं. मग सर म्हणाले, "बाई, हे पोटावरचे टाके. नको वाटत असेल तर मी मातीत घेत नाही."

"कावून?" तू म्हणालीस.

"नाही, तुम्हाला बरं वाटणार नाही म्हणून."

"साहेबाचा चष्मा ठिवता, टोपी ठिवता. मंग माझे टाके कावून काढता? ते बी माझंच हाय. ठिवा."

सर हसले, पण थोडंच. मग बराच वेळ मातीवर हत्यार फिरल्याचा आवाज येत राहिला. मी पाढा पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

मातीचा पुतळा वाळला की तडकतो, म्हणून तो ओला ठेवावा लागतो. हे मी नंतर पुस्तकातही वाचलं, पण आधी तुझ्या हातून पाहिलं. रोज संध्याकाळी तू टँकरच्या रांगेत उभी राहायचीस आणि मिळालेल्या घागरींतली एक थेट शेडमध्ये न्यायचीस. तिथे तुझं जुनं लुगडं पाण्यात बुडवून, पिळून त्या मातीच्या बाईभोवती गुंडाळायचीस. "तिला नेसवून येते," असं म्हणायचीस. रांगेतल्या बायकांना ते खपत नव्हतं. एकीने घागर अडवून धरलेली मी पाहिली आहे.

"हितं माणसं तान्हेली मरायलीत आन तू मातीला पाणी पाजतीस व्हय गं?"

"ती बी तान्हेलीच हाय, आक्का," तू म्हणालीस आणि घागर सोडवून घेतलीस. तिला वाटलं तू थट्टा करतेस. मलाही तसंच वाटलं.

मी एकदा ते लुगडं वर करून पाहिलं. तू बाहेर सरांशी बोलत होतीस. खांद्यावरून जरासं सरकवलं असेल नसेल, तेवढ्यात तू आलीस आणि माझ्या हातावर चापट मारलीस. तू सहसा मारायची नाहीस. "कुणी नेसवल्यालं आसं सोडू न्हाई," म्हणालीस. मी म्हणाले, "पण ही तर माती हाय." तू लुगडं नीट केलंस, खोचलंस. "आसू दी. तरी बी न्हाई."

दादा परत यायच्या आत काम संपलं. सरांनी साचा घेऊन पुतळा प्लास्टरमध्ये उतरवला, माती पुन्हा पिंपात गेली. पुढच्या साली पाऊस झाला, ऊस झाला आणि त्याच मातीतून थोरले साहेब उभे राहिले. कारखान्यावर पुतळ्याचं अनावरण होतं तेव्हा आपण बायकांच्या गर्दीत मागे होतो. फीत कापली, टाळ्या झाल्या आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "माझ्या पोटाची माती साहेबाच्या गालाला लागली गं." मग तुला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून तू दिंद्रुडच्या आजीच्या खांद्याआड लपलीस आणि आजी विचारत राहिली, "काय झालं, काय झालं हिला?" तुझं हसणं आठवायचं म्हटलं की मला एवढंच आठवतं. मी दहावीत असताना तू काविळीने गेलीस. तेव्हाही मला वाटलं होतं रडू नंतर येईल.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. ओतकाम चांगलं झालं. जुनं प्लास्टर साच्यातून निघताना फुटलं होतं आणि एकच प्रत करायची म्हणून साचाही मोडून टाकला होता. म्हणजे जे काही उरलं होतं ते फक्त ब्राँझवर. सरांचा मुलगा पाहायला आला. घासकाम करणारे आमचे मिस्त्री ग्राइंडर घेऊन तयार होते. त्यांनी पोटावर, बेंबीच्या खालच्या रेघेला, खडूने खूण केली होती. "जोडाची रेघ राहिली, मॅडम. येवढी गुळगुळीत बाई आन पोटावरून रस्ता गेलाय."

"घासून टाका," मुलगा म्हणाला. "बाबांचं काम अगदी स्वच्छ असायचं."

आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं, असा नियम आहे. मिस्त्रींनी बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. मी खडूच्या खुणेवर अंगठा ठेवला. मिस्त्रींनी घाबरून चाक बंद केलं आणि मला शिवी देता देता थांबले.

मी म्हणाले, "हा जोड नाही."

"प्लास्टरच्याच साच्याचा असेल," मुलगा म्हणाला. "जुनं काम आहे. तो तर दोषच ना?"

मला जे येतं ते मी सांगितलं. जोड वर उचललेला असतो, ही रेघ आत दबलेली आहे. जोड सरळ जातो, ही बेंबीपाशी येऊन डावीकडे सरकते. आणि दोन्ही बाजूंना हे बारीक ठिपके आहेत, समोरासमोर. जोडाला ठिपके नसतात. बोलताना माझा आवाज कामावर असतो तसाच होता. मी तो ऐकत होते.

"मग काय आहे?"

"टाके."

मिस्त्रींनी चष्मा वर करून, वाकून पाहिलं. मघाची थट्टा त्यांच्या तोंडावरून गेली. "पिशवीचे हायत," ते म्हणाले. "आमच्या मंडळीला बी आसेच हायत." त्यांनी ग्राइंडरची वायर काढून गुंडाळायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगा रेघेजवळ आला. "बाबांनी हे कशाला ठेवलं असेल?"

"बसणाऱ्या बाईंनी ठेवायला सांगितलं असेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अंदाज," मी म्हणाले.

"कोण असेल ती? केजचीच कोणी असेल, नाही?" मी खांदे उडवले. तो म्हणाला, "राहू द्या मग, आहे तसं." मी सही केली. तुझं नाव मी सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं होतं का, ते मी तपासून पाहिलं. नक्की कळलं नाही. तू माझी पाठ आत करून मला उंबऱ्यात बसवलं होतंस, आणि मला वाटतं मी अजून तशीच बसले आहे.

हा कागद कुठे द्यायचा नाही. घडी करून कुठेतरी ठेवीन. पण एक राहिलं. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ती कारखान्याच्या शेडमध्ये एकटी होती. अजून रंग चढवायचा बाकी होता, धातू उघडा होता. उघड्या ब्राँझवर पाणी राहिलं की डाग पडतो, हे नव्या लोकांना मीच शिकवते. मी तिच्यावर माझी ओढणी घातली आणि खोचली. सकाळी डाव्या खांद्यावर हिरवट डाग उमटलेला होता. मिस्त्रींनी विचारलं, "हा कशाचा, मॅडम?" मी म्हणाले, बघते. खरं कारण मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ओढणी मी नळाखाली धरून ओली केली होती.