संत्र्यांचा खेळ कुणी केला

॥ श्री ॥
सक्करदरा, नागपूर
दि. १० जानेवारी १९८९

चि. बाबाराव यास रुपरावाचे अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझा मजकूर मात्र क्षेम नाही.

काटोलच्या साप्ताहिकात तू छापवून आणलेला वृत्तान्त वाचला. त्यात माझे नाव तेवढे बरोबर आहे, आणि नेमके तेच तेथे असण्याचे कारण नव्हते. तू म्हणतोस की, तार खात्यातून निवृत्त झालेल्या तुझ्या थोरल्या भावाने एकाहत्तराव्या वर्षी जुन्या विलायती खेळयंत्रास नवा संगणक जोडला, त्यावर संत्री तोडण्याचा खेळ रचला, आणि ‘सूनबाईंनी चहापाण्याची बाजू समर्थपणे सांभाळली’. वस्तुस्थिती उलट आहे. यंत्र सौ. प्रेमिलाने जोडले, खेळही तिनेच लिहिला. चहा मी करीत होतो, आणि तो तिच्या मते फार गोड होत असे.

हे यंत्र तिच्या भावाने कुवेतहून आणले होते. ते टीव्हीला जोडायचे, वरच्या खाचेत खेळाची डबी खोचायची, आणि डबीत असेल तोच खेळ खेळायचा, एवढीच त्याची धाव. पुढे तशा डब्या मिळेनाशा झाल्या आणि यंत्र कपाटात गेले. प्रेमिला संगणकाच्या खासगी वर्गात शिकवते, हे तुला ठाऊक आहे. तिने एका बिघडलेल्या डबीतील चिप काढून तेथे पुनःपुन्हा लिहिता येईल अशी चिप बसविली आणि चपट्या वायरीने ती आपल्या संगणकास जोडली. संगणकावर लिहिलेला खेळ वायरीतून चिपमध्ये उतरतो. मग मधला खटका फिरविला की यंत्राला वाटते, आपली नेहमीचीच डबी आली आहे.

सारा जन्म तारांत काढूनही मला हे सुचले नव्हते. पहिल्या दिवशी पडद्यावर नुसते पट्टे दिसले, तेव्हा मी दोष अँटेनाचा ठरविला आणि गच्चीवर जाऊन बसलो. दोन वायरी उलट लागल्या होत्या. त्या तिने शोधल्या.

सबब पुढील अंकात दुरुस्ती छापवावी. प्रजासत्ताकदिनी संत्रा मंडीत योजलेला माझा सत्कार तिच्या नावे व्हावा, नाहीतर रद्द व्हावा. तुझ्या मजकुरात ‘यंत्र’ पुल्लिंगी झाले आहे. तेवढे मी पोटात घालीन, हे घालणार नाही.

सौ. रंभाबाईस आशीर्वाद. माया आहे ती राहीलच; दुरुस्ती तेवढी लवकर व्हावी.

तुझा
रुपराव


काटोल
संक्रांत, १४ जानेवारी १९८९

ती. दादास बाबारावचा साष्टांग नमस्कार. तिळगूळ घ्या अन् माह्यावर दात खाऊ नका.

तुमचं पत्र वाचून रंभा हसून राहिली अन् मी घाम पुसून राहिलो. पत्रिका वाटून झाल्या, मांडवाचं सांगून झालं. भैयाजी अडत्याले तुमी ओळखताच, सत्कार समितीचे अध्यक्ष तेच. त्यायले म्या तुमचं म्हणणं सांगतलं. ते म्हणाले, घरातलं काम घरच्या मोठ्या माणसाच्याच नावानं सांगतात, सून काय परकी हाय? शाल सासऱ्याच्या खांद्यावर पडली का घरावरच पडली. अन् तिले स्टेजवर बसवलं तर मंडी म्हणंल, म्हाताऱ्याले बाजूले सारलं. तिच्यासाठी बायांच्या ओळीत पहिली खुर्ची ठेवली हाय, रंभाच्या बाजूले. आता याच्यावर काय पाहिजे?

म्या असं काय वाईट केलं गा दादा? तुमी जनमभर दुसऱ्यायच्या तारा पाठवल्या. तुमाले कोणी कधी हार घातला नाई. मले वाटलं, एक डाव माह्या भावाचं नाव पेपरात यावं. काहून नाई वाटावं?

अन् त्या खेळात माहीपण अक्कल हाय. दिवाळीत प्रेमिलानं दाखवला तवा संत्री झाडावरून टपटप पडून राहिली होती. म्या म्हटलं, पोरी, पडलेल्या संत्र्याले मंडीत कोणी हात लावत नाई, ते कात्रीनं देठासकट तोडा लागते. तिनं बदललं. म्या शाल मागतली काय?

तुमी या, शाल घ्या, अन् बोलताना दोन डाव तिचं नाव घ्या. नाई आले तर मंडीत मले तोंड दाखवा लागते, तुमाले नाई.

लहान भावावरची नजर अशीच राहू द्या, पण थोडी नरम.

तुमचा
बाबाराव


सक्करदरा, नागपूर
दि. १८ जानेवारी १९८९

ती. काकाजींना प्रेमिलाचा शि. सा. नमस्कार.

आपले पत्र मामंजींनी मला वाचायला दिले आणि उत्तर तूच लिही म्हणाले. आपण दोघे शालीवरून भांडत आहात. मला मात्र कोणी विचारले नाही.

शालीचे मला फारसे वाटत नाही. पण आपला मजकूर आमच्या वर्गाच्या मालकांपर्यंत पोचला. मार्चपासून एक नवा वर्ग निघणार आहे, त्यात मुले स्वतः खेळ लिहायला शिकतील. तो मला द्यावा म्हणून मी वर्षभर मागे लागले होते. मालकांनी परवा मला विचारले, तुमचे सासरे शिकवायला येतील का? चहापाणी सांभाळणाऱ्या बाईला तो वर्ग कोण देईल, काकाजी?

म्हणून मी काटोलला येईन, पण बायकांच्या ओळीत बसायला नाही. मला स्टेजवर एक टेबल, एक टीव्ही आणि विजेचे एक बटण लागेल. यंत्र सर्वांसमोर मी जोडीन आणि त्याबद्दल मीच बोलेन. हे जमत नसेल तर यंत्र घरीच राहील. मग भैयाजींनी लोकांना शाल दाखवावी.

काकूंना नमस्कार. राग आला तरी येण्याजाण्यात अंतर पडू देऊ नये.

आपली
प्रेमिला

वरील पत्रात मी एका स्वल्पविरामाखेरीज काहीही बदललेले नाही. — रुपराव


॥ श्री ॥
सक्करदरा, नागपूर
दि. १२ फेब्रुवारी १९८९

चि. बाबाराव यास अनेक आशीर्वाद.

साप्ताहिकाने पुन्हा तेच केले. ‘प्रकृतीच्या कारणास्तव श्री. रुपराव व्यासपीठावर येऊ शकले नाहीत, म्हणून सूनबाईंनी त्यांच्या वतीने सत्कार स्वीकारला.’ माझी प्रकृती उत्तम आहे. बायकांच्या ओळीत जी खुर्ची तू प्रेमिलासाठी ठेवली होतीस, ती रिकामी असल्याने तीत मी बसलो होतो. माझे नाव पुकारले गेले, पुन्हा पुकारले गेले. मी उठलो नाही. सौ. रंभाबाई रीतीप्रमाणे भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाहीत. त्यांनी पदर सावरून पलीकडच्या बाईला, मला ऐकू येईल अशा बेताने, सांगितले की, बसू द्या वं त्यायले, ते उठणारं माणूस नोहे.

भैयाजी शाल हातात धरून उभे होते. स्टेजवर तू मांडून दिलेल्या टेबलापाशी प्रेमिलाचे दोन्ही हात वायरींत होते. तिने मान वर न करता त्यांना विनविले की, आपण टीव्हीच्या आड येत आहात, जरा सरकावे. तेथे मंडी पहिल्यांदा हसली. मग तिने कोणती वायर काय करते ते अशा भाषेत सांगितले की, मागच्या ओळीतले हमालही पुढे सरकले. चित्र उमटले. भैयाजी स्वतः खेळायला बसले, आणि इतकी वर्षे संत्र्यांचा व्यापार करणाऱ्या त्या गृहस्थांना एकही संत्रे धड तोडता आले नाही. उठल्यावर त्यांनी शाल तिला दिली. कोणाच्या वतीने, असे ते बोलले नाहीत आणि तीही बोलली नाही. टाळी प्रथम तू वाजविलीस. ते मी पाहिले आहे.

वर्गाचे मालक गेल्या सोमवारी घरी आले आणि शिकविण्याविषयी मला विचारू लागले. मी त्यांना विचारले की, विद्यार्थी म्हणून यायचे असल्यास वयाची अट आहे काय? शेवटी त्यांनी प्रेमिलाशी बोलणे केले. ते तिच्याशीच करायला हवे होते.

सोबतची दुरुस्ती जशीच्या तशी छापवावी. छापली नाही तर मी काटोलला येऊन मंडीच्या फाटकावर ती वाचून दाखवीन, आणि तू शेजारी उभा राहशील.

लहानपणापासून आहे तेवढाच लोभ आहे. कमी करता येत नाही.

तुझा
रुपराव

तारखांची दुरुस्ती

सप्टेंबर १९७९ : खेळयंत्र नागपुरास आले. साप्ताहिकात १९८५ छापले, ते चूक.

ऑगस्ट १९८७ : सौ. प्रेमिला घोरमाडे यांनी स्वतःच्या पगारातून संगणक घेतला. ‘सासऱ्यांनी घेऊन दिला’ हे चूक.

२ ऑक्टोबर १९८८ : यंत्र व संगणक प्रथम जोडले. पडद्यावर पट्टे.

५ ऑक्टोबर १९८८ : उलट्या वायरी सौ. प्रेमिला यांनी सुधारल्या. चित्र स्वच्छ. अँटेनाचा काही संबंध नव्हता.

९ नोव्हेंबर १९८८, दिवाळी : संत्री कात्रीने तोडावीत, ही सूचना श्री. बाबाराव घोरमाडे यांची. हे श्रेय त्यांचेच.

२६ जानेवारी १९८९ : काटोल संत्रा मंडीत सौ. प्रेमिला घोरमाडे यांचा सत्कार.

१ मार्च १९८९ : खेळ लिहिण्याचा नवा वर्ग सुरू होईल. शिकविणार सौ. प्रेमिला. विद्यार्थ्यांच्या यादीत माझे नाव आहे.

श्री. रुपराव घोरमाडे यांचा सत्कार : या घटनेस तारीख नाही, कारण ती घडलेली नाही.