चोरून वाचणारी जिजी

१२ मार्च

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुप्तलिपीच्या पुस्तकाची प्रुफं मिळाली. छापखान्यात चाळीस वर्षं डोळे फोडले, पण स्वतःचं नाव तपासायची वेळ पहिल्यांदाच आली! तू लिहितेस, या शास्त्रात समजावण्यापुरती ठरलेली नावं असतात: निरोप धाडणारी ॲलिस, घेणारा बॉब, मधल्यामधे चोरून वाचणारी ईव्ह. त्यांच्या जागी तू घरातली माणसं बसवलीस. धाडणारी आई, घेणारी बबडी आणि चोरून वाचणारी मी. पोट धरून हसले.

मग पान एक्केचाळीसवर जिजी पाकीट वाफेवर धरून उघडते, तिथे पेन्सिल खाली ठेवली.

म्हणजे तुला कळलंय तर. माझा भाऊ, तुझा बाप, गेला तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. तुला माझ्यापाशी ठेवून आई नोकरीला परगावी गेली, आणि तिथून तिने तुला लिहिलं होतं, ‘खोली मिळाली आहे, आता माझ्याकडे राहायला ये.’ ते पत्र मी असंच उघडलं आणि तुला दिलंच नाही; अजून माझ्या पेटीत आहे. बबडी यायला नाही म्हणते, असं तिला मीच कळवलं. तुझ्याशिवाय घर खायला उठलं असतं गं. पुस्तकात नाव ठेव नाहीतर काढ, पण माझ्याशी बोलणं टाकू नकोस.

तुझी,
जिजी आत्या

१९ मार्च

ती. जिजी आत्यास सा. न. वि. वि.

अगं, मला काहीच ठाऊक नव्हतं! मला खोकला झाला की तू दाराला कान लावून उभी राहायचीस, म्हणून गमतीने तुझं नाव घातलं. पाकिटाचं उदाहरण तर मी वर्गात दरवर्षी देते.

पत्र वाचल्यापासून वर्गात धड बोलता येत नाही. आईला मी नकोशी झाले, असंच आजवर समजत होते. ती भेटायला आली की फटकून वागायचे. तुझा राग आलाय, आणि तो इतक्यात जायचा नाही. ईव्ह नुसती वाचते. निरोप अडवून खोटा धाडणाऱ्याला आम्ही मॅलरी म्हणतो. तू मॅलरी निघालीस, आत्या. पण लहानाची मोठी मला तूच केलंस, तुला टाकून जाऊ कुठे?

रविवारी आईचं ते पत्र घेऊन ये. आईला उत्तर इथेच, माझ्या टेबलापाशी बसून लिहू. माझं काय ते मी लिहीन. बबडी नाही म्हणाली नव्हती, एवढं मात्र तू तुझ्या हाताने लिहायचंस.

रागावले आहे, तरी लोभ तसाच राहू दे.

तुझीच,
बबडी