खाट रिकामी होते कधी?

६ जानेवारी

तीर्थरूप काकांना शि. सा. न., आणि उजव्या कानाला वेगळा नमस्कार, कारण डावा तर तुमच्याही आधी निवृत्त झालाय.

फोनवर मी एक बोलते आणि तुम्हाला भलतंच ऐकू येतं, म्हणून हा कागद. रुग्णालयांसाठी नवा कायदा येतोय. त्या विधेयकाच्या समितीपुढे आमच्या तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना दहा मिनिटं मिळालीत. कोणी बोलायचं हे ठरवताना सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कारण काय, तर मी भरभर बोलते.

आमचं म्हणणं असं. आम्ही पेशंट तपासतो, त्याला भरती करायचं ठरतं, पण वर वॉर्डात खाट नसते. मग तो आमच्याच बोळात ट्रॉलीवर पडून राहतो. मागच्या महिन्यात भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका मांडीचं हाड मोडून आल्या. एकोणीस तास बोळात होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याचा ट्रॉलीला धक्का लागला की त्याच माफी मागायच्या. हाड छान बसलं, पण पडून पडून पाठीला जी जखम झाली ती अजून भरतेय. मी भेटायला गेले की त्या माझ्याच तब्येतीची चौकशी करतात. मला मान वर करवत नाही.

तुम्ही एकतीस वर्षं सभागृहात लघुलेखक होतात. तिथली मंडळी खरंच ऐकतात कधी आणि ऐकल्यासारखं करतात कधी, हे ओळखायचं कसं? सविस्तर लिहा. काकूला नमस्कार.

लोभ आहेच, तो या वेळी जरा सल्ल्याच्या रूपाने पाठवा.

तुमची,
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कानाचा नमस्कार कानाला पोचला. विधेयकाची प्रत मागवून दोनदा वाचली. कलम अकरा म्हणतं, पेशंटला ‘यथाशक्य लवकर’ वॉर्डात हलवावं. हे शब्द मी हजार वेळा टिपले असतील. त्यांच्यातून हत्ती जातो आणि शेपूटसुद्धा अडकत नाही. तुम्ही तास मागा.

कागद वाचून दाखवू नकोस, त्यांच्याकडे कागदांचा ढीग असतो. त्या बाईंबद्दल सांग, पण आधी त्यांना विचारून. समोरच्याने पेन खाली ठेवलं की तो ऐकायला लागला असं समज. आणि जो डोळे मिटून बसलाय तो झोपलाय असं मात्र समजू नकोस. अवघड प्रश्न बहुधा तोच विचारतो.

मलाही एक शंका आहे. तुम्ही पेशंट वर पाठवणार, पण वरची खाट रिकामी होते कधी? तू जाऊन पाहिलंयस का?

काकू म्हणते, बोलताना मध्ये श्वास घेत जा. डॉक्टरला हे आपल्याला सांगावं लागतं, याचं तिला नवल वाटतं.

माया आहे तशीच ठेव आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझा,
काका

५ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांना शि. सा. न.

तुमची शंका मी वाचली आणि कानाआड केली. त्याचं फळ लगेच मिळालं.

लांब टेबल, अकरा सदस्य, पाच मिनिटं पुढे धावणारं घड्याळ. वॉर्डात हलवायला मी सहा तासांची मुदत मागितली. शिक्षिकाबाईंनी त्यांच्याबद्दल बोलायला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही पोराला वर्गाबाहेर एवढा वेळ ठेवलं नव्हतं, हे मी सांगायचंच. मी सांगितलं. तीन पेनं खाली आली.

मग कोपऱ्यात डोळे मिटून बसलेल्या एका सदस्यांनी डोळे उघडले. राजकारणात येण्याआधी ते गुरांचे डॉक्टर होते म्हणे. त्यांनी विचारलं, वरची खाट किती वाजता रिकामी होते आणि ती कोण अडवतं. मी म्हटलं, खाटा कमी आहेत. ते शांतपणे म्हणाले की किती आहेत हे त्यांनी विचारलेलं नाही. मला माहीत नाही म्हणून सांगून टाकलं, काका. अध्यक्षबाईंनी मला उत्तर आणायला तीन आठवडे दिले.

बाहेर पडताना माझा नुसता संताप झाला होता. जिना उतरेपर्यंत मात्र वेगळंच वाटू लागलं. अकरा वर्षं मी त्या वॉर्डाच्या दोन मजले खाली काम करतेय, आणि मला एवढंही माहीत नसावं?

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला वॉर्डच्या मोठ्या सिस्टरकडे जाऊन बसले. साडेनऊपर्यंत चार पेशंटांना धाकट्या डॉक्टरांकडून घरी जायची मोकळीक मिळाली. चौघेही कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसले. ते उठले साडेचारला. घरी सोडायच्या कागदावर मोठ्या डॉक्टरांची सही लागते, आणि ते चारपर्यंत ऑपरेशनमध्ये. म्हणजे त्या दिवशी तरी खाटा होत्या, सही नव्हती. सिस्टर म्हणाल्या की त्या सहा वर्षं हे सांगतायत, पण खालून विचारायला वर आलेली मीच पहिली.

आता मी समितीकडे मागू तरी काय?

आशीर्वाद असू द्या, आणि थोडं रागवायचं असेल तर तेही चालेल.

तुमची,
भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

रागवत नाही. उत्तर माहीत नाही हे सभागृहात कबूल करणारी माणसं मी बोटावर मोजण्याइतकीच पाहिली.

नुसते तास मागितलेस तर ट्रॉली शेजारच्या खोलीत ढकलतील आणि दारावर वॉर्ड अशी पाटी लावतील. मुदत मागच, पण सोबत तीन वेळा लिहून घ्यायला लाव: भरती करायचं कधी ठरलं, खाट कधी रिकामी झाली, पेशंट वर कधी पोचला. आणि ते सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावर.

समितीपुढे त्या सिस्टरना ने. तुझ्या दहा मिनिटांतली त्यांना दे. जिला माहीत आहे तिने बोलावं. हे तुला कायद्यापेक्षा जड जाईल, असं काकूचं मत आहे. मी नुसतं टिपून घेतलं.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
काका

१८ ऑक्टोबर

तीर्थरूप काकांना शि. सा. न.

कायदा झाला हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पुढचं पेपरात नाही.

सिस्टरना मी सात मिनिटं दिली. काकू म्हणाली तसंच झालं, जिभेला आवर घालून बसले होते. त्या सावकाश बोलल्या, घड्याळाकडे बघितलंही नाही. गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना चार प्रश्न विचारले आणि शेवटी उठून आभार मानले. कलम अकरा बदललं. तीन वेळांचा फळा आला, दुसऱ्या डॉक्टरलाही सही करायची मुभा आली. मुदत मात्र सहाऐवजी आठ तासांची. मी त्याला हो म्हटलं, म्हणून आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दोन तास मी कुणाच्या पाठीवर लादले, असं त्यांनी एकदाच विचारलं.

फळा लागला आणि पहिल्याच आठवड्यात आमची अब्रू गेली. पेशंट आल्याची वेळ आमच्या वहीत असतेच, ती फळ्याशेजारी ठेवून पाहिली तर सगळ्यात जास्त वेळ जात होता आमच्याकडे, भरती करायची की नाही हे ठरवण्यात. पाच-पाच तास. आम्ही तपासण्या एकामागून एक सांगत होतो, एकदम नाही. कायदा आणला मी, आणि पहिला आला तो माझ्याच दारात. सिस्टर मुद्दाम खाली येऊन फळा वाचून गेल्या. जाताना चहा घेणार का म्हणून विचारलं. मग आम्हीही आमची रीत बदलली.

परवा मंगळवारी दुपारी तीन वाजता बोळात एकही ट्रॉली नव्हती. संध्याकाळी पुन्हा चार आल्या, पण तीन वाजता एकही नव्हती. सफाईवाल्या मावशींनी संधी साधून बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत धुऊन काढला, आणि आम्ही सगळे दारात उभे राहून बघत राहिलो. तिथली फरशी हिरवी आहे, काका. अकरा वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

काकूला सांगा, हल्ली मध्ये श्वास घेते. माया असू द्यावी.

तुमची,
भिंगरी