जमिनीवरून दिसणारं घर

प्रिय विहंग,

दारू सोडून तुला आठ महिने झाले. नूपुरला, तुझ्या छोट्या लेकीला, घरी नेऊ का, असं तू विचारलंस, तेव्हा ती माझ्याकडेच सुरक्षित आहे, असं मी तोडून बोलले.

आज व्यसनमुक्ती केंद्रात आईबापांचा वर्ग घेतला. घरात लेकरांना कशाने इजा होते ते कळावं म्हणून मी सगळ्यांना रांगायला लावते. हिंगण्याचे चंपतराव काही वाकेनात.

"मले काहून रांगाले लावून राहिल्या, मॅडम? दोन साल मी तिथंच तं पडून होतो!"

सगळे हसले. मग त्यांनी जमिनीवरून काय काय दिसायचं ते बसल्या बसल्या सांगितलं: खाटेखाली घड्याळाचा सेल, फिनाइलची बाटली, इस्त्रीची लोंबती वायर. माझ्या यादीत सेल नव्हताच.

घरी येऊन कुतूहलाने मीच रांगले. दिवाणाखाली, जिथे तुझ्या गोट्या घरंगळायच्या, तिथे माझी बीपीची गोळी पडली होती. नूपुर रोज तिथे खेळते.

तूही माझ्या स्वयंपाकघरात पडलेला असायचास. मी तुला फक्त उठवत राहिले. तिथून काय दिसतं, हे कधी विचारलं नाही.

हे पत्र टाकणार नाही, फोनच करते. रविवारी ये. नूपुरला न्यायचं त्यानंतर ठरवू. आधी माझं घर तपासून दे.

तुझी,
आई