माहितगार गृहस्थ, कुवेत

हवल्ली, कुवेत
२ सप्टेंबर १९९१

तीर्थरूप सौ. कुसुमवहिनीस,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. रसिकाला इथल्या सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी लागली, बावीस ऑक्टोबरच्या विमानाने ती येणार, हे वाचून मी विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशेजारी, ऐन ड्यूटीत, खाली बसलो. सुपरवायझरने चक्कर आली का विचारलं. हो म्हणालो. खोटं नव्हतं.

तिचे वडील घरोघर विचारत फिरतायत, की पोरगी पुण्याच्या पुढे गेलेली नाही, विमानतळावर काय करायचं ते कुणी लिहून देईल का. आणि तुम्ही म्हणता मी लिहून द्यावं, फक्त खाली सही नको आणि मधे कविता नको. सही नको हे पटलं. तिसऱ्या वर्षात प्राचार्यांच्या टेबलावर हॉलतिकीट आपटून कॉलेज सोडलेल्या माणसाची सही दिसली तर विठ्ठलराव आष्टेकर कागद बंबात घालतील. माझी अकरा पत्रं त्यांनी तशीच घातली असणार, नाहीतर रसिकाकडून एकाचं तरी उत्तर आलं असतं. जन्मभर पोस्टमास्तर म्हणून राहिले आणि हे धंदे.

सोबतचा वेगळा कागद त्यांना द्या. त्यात कलमवार लिहिलंय: मुंबईच्या विमानतळावर चार तास आधी पोचावे. मूळ व्हिसा इथल्या काउंटरवर जमा असतो, तेव्हा हातातल्या झेरॉक्सला जिवापाड जपावे. निळ्या सूटकेस रोज शंभर येतात, म्हणून मुठीला जुन्या साडीचा जरीचा काठ बांधावा. लोणचे हातातल्या पिशवीत नको आणि सूटकेसमध्ये तर नकोच. गेल्या आठवड्यात कुणाची तरी कैरी फुटली आणि मी दोन तास पट्टा पुसत होतो. आखातात खसखस म्हणजे अफूची बहीण, एक दाणा सापडला तरी साहेब लोक बाजूला घेतात. त्याच कलमात, सिनेमाची कॅसेट आणू नये. जुने दिनार कुणी प्रेमाने दिले तरी घेऊ नयेत, लढाईनंतर नोटा बदलल्यात. तेलाच्या काही विहिरी अजून जळतायत, ओला रुमाल जवळ असावा.

आठवं कलम जरा मनापासून लिहिलंय. कविता म्हणता येणार नाही.

दादा चिडलेला नसेल तेव्हा त्याला माझा नमस्कार सांगा, आणि तुमची माया माझ्या मार्कांवर अवलंबून नाही हे एकदा लिहून कळवा.

तुमचा,
प्रताप


मिरज
१६ सप्टेंबर १९९१

चि. प्रतापभावजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या कागदाने गावात नाव काढलं, फक्त ते तुमचं नाही. विठ्ठलरावांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला, कार्बन घालून तीन प्रती केल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. म्हणाले, असं मुद्देसूद लिहिणारा माणूस त्यांनी खात्यातसुद्धा फार पाहिला नाही. तुमचं त्यांच्याकडे नाव पडलंय "कुवेतचे माहितगार गृहस्थ". वय विचारलं. मी मध्यम म्हणाले.

आठवं कलम, ते "समुद्र दिसला की आपल्या माणसाची आठवण काढावी" वालं, त्यांनी तांबड्या शाईने खोडलं आणि बाजूला "अनावश्यक" असा शेरा मारला.

रोज संध्याकाळी तालीम चालते. जेवणाचं टेबल म्हणजे काउंटर. विठ्ठलराव पलीकडे बसून कडक आवाजात पासपोर्ट मागतात आणि रसिका पोळ्या अर्ध्या सोडून झेरॉक्स दाखवते. तिच्या आईंचं मात्र खसखशीवरून बिनसलंय. बिनखसखशीचा अनारसा म्हणजे मुंज झालेल्या बटूचं डोकं, असलं दिवाळीला परदेशी पाठवून नाव घालवायचं का, असं त्या मला ऐकवून गेल्या. विठ्ठलराव म्हणाले, गृहस्थांनी नको लिहिलंय म्हणजे नको. लोणच्यालाही सुट्टी.

रसिकाने कागद वाचून एवढंच विचारलं की हे गृहस्थ राहतात कुठे. हवल्लीत, म्हणाले. मग ती बराच वेळ कणीक मळत बसली, मळून झाल्यावरसुद्धा.

आता एक सांगते, पण आदळआपट करू नका. तिच्या आईंच्या नात्यातले डॉक्टर नीरज तिकडे कुवेतमध्येच, सलवा भागात राहतात, अविवाहित आहेत. आपल्या नव्या गाडीने तिला विमानतळावरून आणायला जाईन असं त्यांनी कळवलंय. आईंना ते फार आवडलं. विठ्ठलराव म्हणाले, गृहस्थांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

तुमचे दादा बरे आहेत. तुमचं नाव निघालं की वर्तमानपत्राची घडी मोडून परत घालतात. माया कमी झाली तर मीच कळवीन, तोवर आहे असं धरून चालावं.

तुमची,
कुसुमवहिनी


हवल्ली, कुवेत
२८ सप्टेंबर १९९१

तीर्थरूप सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आदळआपट केलेली नाही. एक खुर्ची मोडली, ती आधीपासून डुगडुगत होती. माझ्या खोलीत राहणारा अब्बास, रत्नागिरीचा, इथे ड्रायव्हर आहे, तो साक्षीला आहे. त्याने विचारलं की डॉक्टरने तुझं काय केलं. मी म्हणालो, अजून काही नाही, म्हणूनच राग येतोय.

सोबत नवा कागद, कलम नववे. विठ्ठलरावांना आजच्या आज द्या. लिहिलंय असं: "परक्या देशात विमानतळावर न्यायला आलेला माणूस डॉक्टर असो, नातलग असो, गावचा असो, गाडी कितीही नवी असो आणि बोलणं कितीही गोड असो, नियुक्त अधिकाऱ्याचा लेखी कागद पाहिल्याशिवाय त्याच्याबरोबर एक पाऊल टाकू नये. बॅग, पिशवी, डबा यांपैकी काहीही त्याच्या हाती देऊ नये. अपवाद नाही."

"अपवाद नाही" खाली मी दोन रेघा मारल्यात. विठ्ठलरावांना रेघा आवडतात.

आता बेत ऐका. डॉक्टर येईल, कागद नसेल, परत जाईल. मग मी. त्या दिवशी रजा काढलीय, पांढरा शर्ट शिवायला टाकलाय, अब्बास त्याच्या मालकाची गाडी आणणार आहे. तिला समुद्राच्या रस्त्याने नर्सेसच्या हॉस्टेलवर सोडणार. वाटेत फक्त एक विचारायचंय, की ती अकरा पत्रं तिला मिळाली तरी होती का. ते कळल्याशिवाय माझं इथे कशातच मन लागत नाही.

इथे हवा सुधारतेय, माझं काही सांगता येत नाही. तुमचा लोभ टपालखर्च सोसूनही टिकेल अशी आशा आहे.

तुमचा,
प्रताप


हवल्ली, कुवेत
२४ ऑक्टोबर १९९१

तीर्थरूप सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मी गाढव आहे. हे दादाला वाचून दाखवलंत तरी चालेल, त्याला समाधान वाटेल.

विमान वेळेवर आलं. रजा असूनही मी आत पट्ट्यापाशी गेलो आणि जरीचा काठ बांधलेली सूटकेस माझ्या हातांनी अलगद खाली ठेवली. झेरॉक्स, ओला रुमाल, सगळं तिच्याकडे जिथल्या तिथे होतं. कस्टमवाल्याने तिचा डबा उघडला, बोडके अनारसे बघितले, बंद केला. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

बाहेर डॉक्टर नीरज उभा होता. माणूस सभ्य निघाला, तेही बघवेना. रसिकाने नमस्कार करून कागद मागितला. त्याच्याकडे नव्हता. तो हसून बरं म्हणाला, आपला फोन नंबर देऊन निघून गेला. मी खांबामागे अब्बासच्या पाठीत गुद्दा मारला, आनंदाने.

मग मी पुढे झालो. तिने मला नीट पाहिलं. दचकली नाही. पर्समधून कार्बनची प्रत काढली, नवव्या कलमावर बोट ठेवलं आणि तुझ्याकडे कागद आहे का, असं विचारलं. मी सांगितलं, अगं हे कलम मीच लिहिलंय. ती म्हणाली, मग तुला तर जास्तच माहीत असायला हवं, अपवाद नाही, खाली दोन रेघा आहेत. वर म्हणाली की बाबांनी माहितगार गृहस्थांसाठी एक डबा दिलाय, ते भेटले तर सांग. मी म्हणालो, मीच तो. तिने पुरावा मागितला. मी शर्टाचा खिसा चाचपला, त्यात शिंप्याची पावती होती. तेवढ्यात इस्पितळाची व्हॅन आली. ड्रायव्हरकडे शिक्क्याचा कागद होता. तिने तो वाचला आणि गेली.

समुद्राच्या रस्त्याने मी आणि अब्बास परत आलो. तो आता मला "कलम नऊ" म्हणूनच हाक मारतो. पत्रांचं विचारायचं राहूनच गेलं. वहिनी, आता तुम्हीच विठ्ठलरावांना खरं सांगा, नाहीतर मी नोकरी सोडून मिरजेला येतो आणि त्यांच्या दारात बसतो.

रागावणार असाल तर थोडं रागवा, पण दार माझ्यासाठी ओढून घेऊ नका.

तुमचा,
प्रताप


मिरज
६ नोव्हेंबर १९९१

चि. प्रताप यास,
विठ्ठल आष्टेकर याचे आशीर्वाद.

सौ. कुसुमताई काल फराळाला येऊन बराच वेळ घुटमळल्या आणि शेवटी म्हणाल्या की माहितगार गृहस्थ कोण ते सांगायचे आहे. मी त्यांना चकली घ्या म्हणालो. चौतीस वर्षे टपाल हाताळले आहे. मिरज मुख्य कचेरीतून माझ्याच घरच्या पत्त्यावर जी अकरा पाकिटे आली त्यांवरचे अक्षर आणि कलमांचे अक्षर एकच आहे, हे मला पहिल्या कागदाच्या दुसऱ्या ओळीला कळले.

ती पाकिटे मी बंबात घातली असा तुझा समज असल्याचे समजले. टपाल अडवणे हा गुन्हा आहे. अकराही पत्रे न फोडता तिच्या हाती दिली. ती वाचायची आणि परत भाकरी थापायला जायची. त्यावरून त्यांत उपयोगाचे काही नसावे असा मी तर्क केला. कलमांत मात्र आठवे सोडून सर्व उपयोगाचे आहे. ज्याने माझी मुलगी सुखरूप पोचवली आणि स्वतः कागदाविना परत गेला, तो माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

तुझे राहिलेले वर्ष पुरे करावे. परीक्षेचा फॉर्म सोबत जोडला आहे. पुढचे बोलणे निकालानंतर.

हे पत्र कलम नऊप्रमाणे लेखी कागद समजावे. निवृत्त असल्याने शिक्का मजजवळ नाही. सही ग्राह्य धरावी असे रसिकास वेगळे कळवले आहे.

ओळख वाढवणे तुझ्या हाती आहे.

वि. आष्टेकर


हवल्ली, कुवेत
२२ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

विठ्ठलरावांचं पत्र मिळालं त्याच दिवशी हॉस्टेलवर गेलो. फाटकाबाहेर उभं राहून रसिकाने कागद दोनदा वाचला, सही उजेडात धरून पाहिली, मग डबा आणला आणि "पोचला" म्हणून वहीत माझी सही घेतली. महिनाभर तिने डबा उघडलेला नव्हता. अनारसे कौलासारखे झालेत. अब्बासने एक दाढेखाली धरून पाहिला आणि चहाला बसला. मी सगळे खाल्ले.

अकरा पत्रांचं विचारलंच. ती म्हणाली, सगळी मिळाली, घरी तिच्या ट्रंकेत होती, इकडेही आणलीत. उत्तर तरी मी काय देणार होते, असं तिने मलाच विचारलं. प्रत्येक पत्रात मी तिच्यावाचून मरणार असं लिहिलं होतं, मरणाऱ्याला उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवायचं. शिवाय अकरा पत्रांत मी तिला तिचं असं एकही काही विचारलेलं नव्हतं.

मला चिडायला हवं होतं. पण खरं होतं. म्हणून मी विचारलं की तुझी ड्यूटी किती वाजता सुटते. ती म्हणाली, रविवारी दोनला, आणि येताना चालायच्या चपला घालून ये, समुद्राचा रस्ता लांब आहे.

फॉर्म भरलाय. दादाला सांगा, वर्तमानपत्राची घडी घालायच्या आत. आणि तिच्या आईंना कळवा की अनारसे खसखशीशिवायही छान लागतात. हे मात्र मी खोटं लिहितोय.

तुमच्या मायेला कागद लागत नाही, म्हणून इथे सहीच करतो.

तुमचा,
प्रताप