शिसमाच्या पट्ट्यांवरची भीमपलास

बाबा, तुमची भीमपलासमधली गत मी काल कामरगावात, तुम्ही शिकवायचात त्याच शाळेत वाजवली. व्हायोलिनवर नाही, मरिंबावर. हे काय खूळ म्हणाल, म्हणून सांगते. शिसमाच्या पट्ट्या चौकटीवर ओळीनं मांडायच्या, प्रत्येकीखाली तिच्या मापाची नळी, आणि लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायचं. नागपुरात एकदा पाहिलं आणि कारंज्याच्या सुताराच्या मागे लागून करून घेतलं. नळ्या आपल्या शेतातल्या जुन्या पाइपाच्या कापल्या.

सोयाबीनच्या मळणीत माझा डावा हात थ्रेशरमध्ये गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. दोन बोटं गेली. दवाखान्यातून घरी आले, आई पोळ्या लाटतेय, आणि तुम्ही व्हायोलिनची पेटी कपाटावर सारताय. "आता राहू दे बाई. तारीले बोटं लागतात." तुमचे डोळे भरले होते, मला दिसलं. त्या दयेचा मला जो राग आला तो आजही गेलेला नाही. मी लाटणं उचललं आणि पोळपाटावर तीच गत बडवली. "लाकडावर का मींड येते? कायले थट्टा करून राह्यली?" म्हणालात. त्यानंतर ती पेटी तुम्ही मरेपर्यंत खाली काढली नाहीत.

नाहीच येत मींड. मध्यमावरून कोमल गंधारावर तुम्ही घसरत उतरायचात, इथे दोन पट्ट्यांच्या मध्ये नुसती हवा आहे. तुम्ही एका गजात धरायचात तो सूर मला दोन काठ्यांनी भराभर ठोकून जागता ठेवावा लागतो, तोही तीन बोटांत काठी धरून. दोन वर्षं तुमची नक्कल करत बसले, मग वैतागून सोडली. जिथे तुम्ही उतरायचात तिथे मी दोन्ही सूर एकदम वाजवते. ते जरा भांडतात. भांडू देते.

काल वाजवून झाल्यावर तुमच्या शाळेतले ते गणिताचे गुरुजी जवळ आले. "पोरी, हे मास्तराची गत नोहे. मास्तर आमाले रडवे. तू तं नाचवून राह्यली."

"काका, मले शिकवनं त्यायनं सोडलं, मी शिकनं नाही सोडलं," मी म्हटलं. "आता हे गत माही हाय."

चारचौघांत म्हटलं, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. तुम्ही समोर असता तरी हेच म्हटलं असतं. पण हा कागद मी आईलाही दाखवणार नाही. घरी आल्यावर तुमचा गज आठवून पाहिला, फक्त एक आवर्तन, आणि कानात माझं लाकूडच वाजत राहिलं. तुमचं व्हायोलिन कसं वाजायचं ते मी विसरले, बाबा.